न बदललेलं तेल

त्याला सगळे थांबामिस्त्री म्हणायचे. गाडी दारात येऊन उभी राहिली की गिऱ्हाईक उतरायच्या आत हा म्हणणार, "थांबा." मग फडक्याला हात पुसत गाडीभोवती एक फेरी मारणार, वाकून खाली बघणार, वास घेणार आणि पुन्हा म्हणणार, "थांबा जरा." चाकाचे नट आवळून झाले तरी समाधान नाही. गिऱ्हाईक रस्त्याला लागलं की त्याला हाका मारून परत बोलवायचं आणि तेच नट पुन्हा आवळायचे. गॅरेजचं कुलूप चार वेळा ओढून बघायचा आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पाचव्यांदा ओढायला परत यायचा. बायको म्हणायची, "अहो, चोराला काही करावंच लागणार नाही. तुम्हीच एक दिवस ओढून ओढून तोडाल ते."

माणूस हुशार होता हो! इंजिन नुसतं ऐकून सांगायचा कुठे काय कुरकुरतंय ते. पण भित्रा. आणि भित्र्या माणसाचं एक असतं, तो शंभर कामं नीट करतो आणि ज्या कामाला खरी छाती लागते तिथे नेमका पाय मागे घेतो.

त्याला सगळ्यात जास्त भीती गिअरच्या तेलाची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, त्यातही फार पळालेल्या गाडीचं. ही भीती काही जन्माची नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी तो दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला होता, तेव्हा एका पाववाल्याची जुनी व्हॅन आली. तेल काळं पडलं होतं. ह्यानं उत्साहानं मशीन लावून आतला थेंब न् थेंब धुऊन काढला आणि नवं लालभडक तेल भरलं. दुसऱ्या दिवशी पाववाला पहाटेच्या खेपेला निघाला तर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि चाक जागचं हलत नाही. हा धावत गेला तेव्हा पाववाला पायरीवर बसला होता, मागे पावांचे ट्रे भरलेले. तो एवढंच म्हणाला, "काल तर चालत होती ना हो?" त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथल्या उस्तादानं नंतर समजावलं होतं. "अरे, ती मेलेलीच होती. आतल्या प्लेटी झिजून गुळगुळीत झालेल्या, जुन्या तेलातल्या कचऱ्यावर कशीबशी पकड धरून होत्या. आणि तुला मशीन लावायला कोणी सांगितलं? खालचा तेलाचा चेंबर रिकामा करायचा, जेवढं निघालं तेवढंच भरायचं, बाकीचं जुनं आत राहू द्यायचं. आठवड्यानं पुन्हा." ह्यातलं एक अक्षर ह्याच्या डोक्यात शिरलं नाही. आपण हात लावला आणि ती मेली, एवढंच शिरलं. तेव्हापासून दोन लाखांच्या पुढे पळालेली ऑटोमॅटिक गाडी आली की ह्याचं उत्तर ठरलेलं, "चालतेय ना? मग चालू द्या." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो ह्याच्या मागे तेलाचा डबा घेऊन फिरत होता.

आता ह्याची लेक. एकुलती एक आणि बापाच्या अगदी उलटी. वेल्डिंगचं काम करायची, स्वतःचं वर्कशॉप होतं. सोळाव्या वर्षी डावा गुडघा मोडला होता, क्लच दाबला की कळ यायची, म्हणून तिनं ऑटोमॅटिक पिकअप घेतली. जुनीच. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली. गेली दोन वर्षं ती पिकअप दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना हिसका द्यायची आणि गेली दोन वर्षं लेक म्हणायची, "बाबा, गिअरचं तेल बदला." आणि बाबा म्हणायचे, "थांब."

शेवटी शनिवारी ती चिडलीच. सोमवारी घाटापलीकडच्या एका शाळेत जिन्याचे लोखंडी कठडे पोचवायचे होते. "तेल नवं असेल तर सगळे एकाच खेपेत नेते," ती म्हणाली, "नाहीतर दोन खेपा. आणि तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, दुसरीकडे दाखवते."

दुसरीकडे! हे मात्र त्याला झोंबलं. "ठेव गाडी," तो म्हणाला, "उद्या करतो."

रविवारी त्यानं तेलाचे चार नवे डबे मांडले, खाली तसराळं ठेवलं आणि पाना घेऊन गाडीखाली सरकला. चेंबरचा नट पाव फेरा फिरवला. काळा ओघळ अंगठ्यावर आला. जळका वास. बोटं चोळून बघितली तर त्यात चमचमणारी बारीक कणी. लोखंड भरलेली पिकअप चढावर उभी आहे, इंजिन बोंबलतंय, चाक हलत नाही आणि आत लेक बसली आहे, हे त्याला तिथे पडल्या पडल्या स्पष्ट दिसलं. किती वेळ तो तसाच पडून राहिला कोण जाणे. मग त्यानं नट परत आवळला. तीनदा आवळला. नट उघडल्यासारखा दिसावा म्हणून पेट्रोलनं पुसून लख्ख केला आणि चारही डबे जुन्या टायरांच्या मागे सरकवले.

सोमवारी सकाळी लेक आली. "झालं?"

"झालं," तो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

लेकीनं सगळे कठडे भरले. पिकअपची मागची बाजू खाली दबली. "बघा बाबा, उगाच दोन वर्षं घाबरलात," ती हसून म्हणाली आणि साडेदहाला निघून गेली.

आणि मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी नेहमीसारखी अर्ध्या वजनानं गेली असती तर कदाचित निभावलंही असतं. पण आपल्या एका शब्दावर विसंबून पोरीनं दुप्पट वजन घातलं, हे त्याला आत्ता उमजलं. चढावर तेल तापणार. तापलं की पातळ होणार, झिजलेल्या प्लेटी सुटणार. आणि माथा ओलांडल्यावर सुटल्या तर? उताराला इंजिन गाडी धरून ठेवणार नाही, तेवढं सगळं लोखंड एकट्या ब्रेकवर. ब्रेक किती वळणं टिकतील ह्याचा हिशोब तो करू लागला आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या-चौथ्या वळणाशी थांबू लागला. हातातला पाना दोनदा पडला. फोन काढायचा, बघायचा, खिशात ठेवायचा.

एक वाजता बायको जेवणाचा डबा घेऊन आली. बसायला म्हणून तिनं टायर ओढला, तर मागे चार सीलबंद डबे. "हे कुठल्या गाडीचं तेल?"

तिनं एकदा डब्यांकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे, आणि मटकन खाली बसली. "अहो, पोरगी घाटात गेली आहे!"

"माहीत आहे मला."

"मग फोन लावा!"

"अगं, वळणावर असेल. फोन घ्यायला गेली आणि..."

"आणि वळणावर गाडी सुटली तर? तुम्ही तिच्यासाठी घाबरत नाही आहात. ती काय म्हणेल ह्याला घाबरताय. लावा म्हणते ना!"

बायको इतकं उघड कधी बोलली नव्हती. त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तो टायरवर टेकला आणि पुन्हा लावला. शेवटच्या रिंगला तिनं उचलला.

"हं, बाबा."

"गाडी थांबव. आहेस तिथे थांबव. मी तेल बदललं नाही. नट उघडला आणि घाबरलो. मी खोटं बोललो तुझ्याशी. थांबव आधी!"

मग ती म्हणाली, "थांबलेलीच आहे. चढाच्या पायथ्याशी पंप आहे ना, तिथे. साडेअकरापासून."

"काय झालं? सुटली का?"

"नाही. हिसका तसाच देत होती, म्हणून तेलाची पट्टी काढून बघितली. काळंकुट्ट तेल."

"मग तेव्हाच फोन का नाही केलास?"

"तुमचा येतो का बघत होते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चार डबे, तसराळं आणि पाने स्कूटरला बांधून तो पाऊण तासात पंपावर पोचला. लेक सावलीत उभी होती. रागावली असती, रडली असती तर त्याला काही बोलता आलं असतं. ती फक्त म्हणाली, "इथे जमीन सपाट आहे. करा."

तो खाली सरकला. पाना त्याच नटावर बसवला. पण ह्या वेळी नट फिरवला तो पुरता. काळं तेल भळभळ खाली आलं. ते त्यानं रिकाम्या बाटल्यांत ओतून मोजलं, तेवढंच नवं मोजून भरलं. उस्तादानं सांगितलं होतं अगदी तसं, एकोणीस वर्षांनी. मग लेक आत बसली, इंजिन चालू केलं आणि ब्रेक दाबून रिव्हर्स टाकला. एक क्षण काहीच नाही, आणि मग गाडीनं मागे ओढ घेतली. मग पुढचे गिअर, एकेक करून. सगळे धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं कोपरानं पुसलं.

"झालं," तो म्हणाला.

लेक इंजिन चालूच ठेवून खाली उतरली. त्याच्याकडे न बघता तिनं बॉनेट उचललं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि उजेडात धरली. तेल तांबूस होतं, खुणेला बरोबर. तिनं वास घेतला. मग गुडघा सांभाळत खाली वाकली आणि नटाला हात लावून बघितला. लहानपणी सायकलची साखळी लावून दिली की मागे न बघता भुर्रकन जाणारी पोर. बापानं केलेलं काम तिनं आजवर कधीच तपासलं नव्हतं.

हात पुसत ती उभी राहिली. "हो," ती म्हणाली, "झालंय." आणि अर्धे कठडे दुसऱ्या खेपेसाठी पंपावर उतरवून ठेवायला लागली. तो दुसऱ्या टोकाला हात द्यायला गेला.