लाटसाबचा नैवेद्य

देखण्या गोष्टीला भुलणारा बिरूसारखा माणूस झरीच्या धनगरवाड्यात दुसरा नव्हता. पटका बांधायला बसला की न्याहारी गार व्हायची. लग्नासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा घरात मेंढरं किती, माणसं कशी, हे विचारायचं सोडून तो तिच्या नाकातली फुली बघत बसला आणि होकार देऊन परत आला. नशीब त्याचं, की फुलीमागची केवळाबाई खमकी निघाली. मेंढरांच्या बाबतीत नशिबानं दर वेळी अशी साथ दिली नाही.

कळपासाठी मेंढा निवडताना बाकीचे धनगर छाती बघत, खूर बघत, त्याच्या आईला दूध किती होतं ते विचारत. बिरू शिंगं बघायचा. शिंगाला वळण पाहिजे, आणि ते कानामागून फिरून गालाशी आलं पाहिजे. असा एक मेंढा त्यानं फार हौसेनं वाढवला होता आणि त्याचं नाव सरदार ठेवलं होतं. सरदारचं एक शिंग वर्षागणिक गालात रुतत चाललं होतं, त्यामुळे तो मान वाकडी करून चरायचा. बिरू आल्यागेल्याला सांगायचा, "ऐट बघा. मान कशी तिरपी धरायलाय."

अशा माणसाच्या पदरी वाघी पडली होती. वाघी म्हणजे त्याच्या कळपाची राखण करणारी कुत्री. रंग राखेत लोळल्यासारखा, एक कान लांडग्यानं फाडलेला, खालचा ओठ एका अंगाला लोंबलेला. पण ती आल्यापासून बिरूचं एकही कोकरू लांडग्याच्या तोंडी गेलं नव्हतं. तरी पाहुणे आले की बिरू तिला घरामागं हाकलायचा आणि केवळाबाई तिला पुन्हा पुढं आणून बसवायची. "लांडगा काय सोयरीक जमवाया येतोय व्हय, तिचं तोंड बघाया?" असं तिचं म्हणणं. बिरू मग पटका नीट करत बसे.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. परभणीतले एक जहागीरदार घरदार आवरून हैदराबादेला गेले आणि जाताना आपल्या वकिलाला, दिनकररावांना, आठवण म्हणून एक कुत्रा देऊन गेले. ही आठवण इतकी घोरायची, की दिनकरराव पूजेला बसले की मंत्र ऐकू येईनासे झाले. त्यांच्या पत्नी विमलाबाई रोज नवऱ्याला विचारत, की आठवण नुसती मनात ठेवता आली नसती का. बिरू त्या घरी दर साल घोंगडी पोचवायचा. त्या वर्षी गेला आणि कुत्रा बघून उंबऱ्यातच बसला.

कुत्रा खव्याच्या रंगाचा होता. तोंड काळं आणि असं सपाट, की जन्मल्याबरोबर भिंतीवर जाऊन आपटलं असावं. डोळे खोबणीत मावत नव्हते, कपाळावर आठ्या, शेपटीची कमरेवर जिलबी. नाकाच्या जागी नुसती दोन बारीक भोकं.

"ह्याचं तोंड कुठं गेलं, साहेब?" बिरूनं विचारलं.

"विलायती जात आहे. बसकं तोंड आवडलं म्हणून पिढ्यान् पिढ्या बसक्या तोंडाचेच निवडत गेले, तेव्हा असं झालं," दिनकरराव म्हणाले. "मोठ्या घरच्या बायका मांडीवर घेऊन बसतात."

"निस्तं बसाया?"

"नुसतं बसायला."

बिरूला हे फार खानदानी वाटलं. त्याच्या घरात नुसतं बसणारं कुणीच नव्हतं. दिनकरराव "हवा असेल तर ने," एवढं म्हणाले मात्र, बिरूचा विचार बदलायच्या आत विमलाबाईंनी कुत्र्याचं भांडंसुद्धा आणून त्याच्या हातात ठेवलं.

बिरूनं त्याला घोंगडीत गुंडाळून खांद्यावरून झरीला आणलं. वाटेत जो भेटेल त्याला घोंगडीचं टोक उचलून तोंड दाखवलं, त्यामुळे पोचायला दिवस मावळला. केवळाबाईनं बघितलं आणि विचारलं, "आगं बाई, ह्याला कुणी मारलं?" गावानं मात्र त्याची ऐट बघून दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव लाटसाब ठेवलं.

लाटसाबचा श्वास सदा घरघरत असे. वेशीतल्या टारगट कुत्र्यांना वाटलं, हा अखंड गुरगुरतोय. वर कपाळाला आठ्या आणि डोळे वटारलेले. भल्याभल्यांनी शेपट्या पायांत घातल्या आणि वाट सोडली. बिरूची छाती फुगली. "दरारा हाय दरारा," तो म्हणायचा. कोंबड्याला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. केवळाबाईच्या कोंबड्यानं पहिल्याच सकाळी लाटसाबला अंगणभर पळवला आणि अंगण संपायच्या आत लाटसाब जीभ काढून आडवा झाला. तेव्हा वाघी उठली, सावकाश चालत दोघांच्या मध्ये जाऊन बसली आणि कोंबडा आपल्या कामाला गेला. मग तिनं या नव्या प्राण्याला समोरून हुंगलं, मागून हुंगलं, उरलेलं तोंड कुठं ठेवलंय ते बघायला पुन्हा एक फेरी मारली, आणि नाद सोडून दिला. एका मेंढीचं कोकरू नुकतंच दगावलं होतं. तिनं लाटसाबलाच आपलं मानलं. ती त्याला चाटायची आणि तो डोळे मिटून घोरायचा. मेंढीची काही तक्रार नव्हती.

इथपर्यंत सगळी करमणूकच होती. बिघडलं ते बिरूच्या डोक्यात पिल्लांचा विचार आला तेव्हा.

वालूरचा भुजंग हा बिरूच्या बहिणीचा नवरा. त्याचा राखणीचा कुत्रा मेला होता आणि तेव्हापासून लांडग्यांनी त्याच्या कळपाकडे जाण्यायेण्याची वाटच पाडली होती. वाघीच्या पुढच्या वेतातलं एक पिल्लू त्याला द्यायचं, असा बिरूचा शब्द होता. वाघी आता म्हातारी झालेली, हे वेत बहुतेक शेवटचं. त्या वर्षी भाद्रपद, कुत्र्यांचा मोसम, तिचा तसाच गेला आणि मार्गशीर्षात ती माजावर यायची चिन्हं दिसू लागली. चंपाषष्ठीला भुजंग झरीला आला तेव्हा बिरूनं जाहीर केलं, "दाजी, ह्या बारीला पिल्लं लाटसाबची. साऱ्या परभणीत कुणाकडं नसतील असली."

भुजंगनं लाटसाबकडे बोट दाखवलं. "बिरू, लांडग्याला धरायचं तर तोंडात धरावं लागतंय. ह्याला तोंड कुठाय?"

"तुमाला शौकच न्हाई, दाजी."

"न्हाई मला शौक. तुझ्या बहिणीनं वाटीनं दूध पाजून एक कोकरू वाढवलं होतं. परवा तेबी गेलं. दोन दिस जेवली न्हाई ती. घरी जाऊन तिला काय सांगू?"

बिरूला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण डोळ्यांपुढं बसक्या तोंडाची पिल्लं ओळीनं बसली होती, ती उठेनात. वाघीला दुसरा कुत्रा लागू नये म्हणून त्यानं तिला खोपटात कोंडलं होतं. उंचीची अडचण होती, त्यासाठी केवळाबाईचा बसायचा पाट पळवून आणून ठेवला होता. त्यावर केवळाबाई जे बोलली ते लिहिण्याजोगं नाही.

चंपाषष्ठीला धनगरवाड्यात खंडोबाच्या ओट्यापुढं वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा होतो. देवाला नैवेद्य दाखवला की पहिलं पान कुत्र्याचं. खंडोबाचा कुत्रा जेवल्याशिवाय कुणी घास मोडायचा नाही, अशी तिथली रीत. हा मान कैक वर्षं वाघीचा होता आणि ती तो एका घासात उरकायची, त्यामुळे या रीतीला वेळ लागू शकतो हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी बिरू नवा पटका बांधून लाटसाबला कडेवर घेऊन आला.

"वाघी कुठाय?" वाड्यातल्या सगळ्यांत थोरल्या दगडाबाईनं विचारलं.

"आवंदा ह्याचा मान, आजी. देवापुढं देखणं कुत्रं नको व्हय?"

दगडाबाईला सकाळपासून उपास होता. ती म्हणाली, "कायबी घेऊन ये, पर लवकर खाऊ घाल."

पळसाच्या पत्रावळीवर भरीत-रोडगा वाढला. लाटसाबनं तोंड लावलं. तोंड सपाट, पत्रावळ सपाट, घास धरायचा कशानं? त्यानं दाबलं तशी पत्रावळ पुढं सरकली. तो मागं गेला, ती आणखी सरकली. अशा रीतीनं खंडोबाचा नैवेद्य ओट्यापासून निघाला आणि सगळ्या पंगतीपुढून फिरत चिंचेच्या बुंध्याला जाऊन लागला. सगळा धनगरवाडा उपाशीपोटी माना वळवून बघत होता. आधी पोरं हसली, मग बायका, मग ज्यांना भूक आवरत नव्हती तेही हसले.

"बिरू, दाढीचा वस्तरा आण, म्हंजे खरवडून खाईल," कुणीतरी म्हणालं.

बिरूचे कान तापले. तो खाली बसला, एका हातानं पत्रावळ धरली आणि दुसऱ्या हातानं लाटसाबचं डोकं खाली दाबलं. "खा की राजा, इज्जत घालवायलास."

लाटसाबनं हुकूम मानला. भरीत तोंडात थोडं आणि त्या दोन बारीक भोकांत जास्त गेलं. भरतात हिरवी मिरची होती, लसूण होता. तो शिंकला, पुन्हा शिंकला, मग शिंकायलाही श्वास उरला नाही. घरघर एकदम थांबली. डोळे आणखी बाहेर आले, जीभ जांभळी पडली आणि पाय मुडपून तो बिरूच्या मांडीवर कलंडला. हसणारे उठून जवळ आले.

 पुसायला काही दिसेना, तेव्हा बिरूनं डोक्यावरचा नवा पटका ओढून काढला आणि त्याच्या टोकानं लाटसाबच्या नाकातलं भरीत काढू लागला. भोकं इतकी बारीक, की त्याचं बोट सोडाच, पटक्याचं टोकही आत जाईना. "श्वास घे रं, श्वास घे," तो म्हणत होता. त्यानं कान त्या सपाट तोंडाशी नेला. दिवसरात्र ज्याला तो दरारा म्हणत होता ती घरघर परत यावी म्हणून तो कान देऊन बसला आणि त्याला रडू आलं. आपण याचं तोंड हजार लोकांना दाखवलं, आपण स्वतः याचा श्वास एकदाही ऐकला नाही, हे त्याला तिथं बसल्या बसल्या कळलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

एवढ्यात केवळाबाईनं जाऊन खोपटाची ताटी उघडली. वाघी धावत आली, माणसांच्या पायांतून वाट काढत बिरूच्या मांडीशी पोचली आणि लाटसाबचं तोंड चाटू लागली. तिची जीभ बिरूच्या पटक्यापेक्षा कामाची होती. आठ्यांतलं भरीत, नाकातलं भरीत, सगळं तिनं साफ केलं. लाटसाब एकदा जोरानं शिंकला आणि घरघर सुरू झाली. वाघीनं मग वळून पत्रावळीवरचा रोडगाही एका घासात उचलला.

"कुत्र्यानं खाल्लं," दगडाबाई म्हणाली. "बसा आता जेवाया."

पंगत बसली, बिरू तसाच उघड्या डोक्यानं लाटसाबला घेऊन बसून राहिला. भुजंग त्याच्याशेजारी येऊन बसला. बिरू म्हणाला, "दाजी, ह्याचं नाक कुणीतरी काढून घेतलंय. दिसाया बरं म्हणून. आन मी आनखी चार जणांचं काढाया निघालतो."

भुजंगनं आपल्या पानातला रोडगा मोडून अर्धा त्याला दिला. "जेव," तो म्हणाला.

वाघी खोपटात परत गेली नाही. पाट केवळाबाईकडे परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बिरूनं सरदारला आडवा पाडला, भुजंगला त्याचे पाय धरायला लावले आणि करवतीनं ते गालात रुतलेलं शिंग कापून टाकलं. आत कातडी सडत चालली होती. सरदार उठला, थोडा वेळ गोंधळून उभा राहिला, आणि मान सरळ करून चरू लागला. मेंढा आता एका शिंगाचा, अगदी विद्रूप दिसत होता. बिरू त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघत बसला.

वाघीनं आपला नवरा आपण निवडला, शेजारच्या मळ्यातला एक थोराड बांडा कुत्रा. माघ सरताना पिल्लं झाली. भुजंग न्यायला आला तेव्हा बिरूनं स्वतः हात घालून एक पिल्लू काढून दिलं. लांब तोंडाचं, मातकट, ओठ आईसारखा लोंबलेला. "दिसाया बेकार हाय, दाजी," तो म्हणाला, "तायडीला सांगा, हेच नीट पाज."

लाटसाब पुढं बरीच वर्षं बिरूकडे राहिला. उन्हाळ्यात बिरू रांजणाखालच्या ओल्या मातीत त्याची जागा करायचा, दुपारी स्वतः त्याच्या तोंडावर पाणी मारायचा आणि कोंबड्याला काठी दाखवायचा. त्या तोंडाची कीर्ती पार सेलू-जिंतूरपर्यंत गेली होती, त्यामुळे माणसं यायची, लाटसाबला बघून खुळावायची आणि विचारायची, ह्याचं पिल्लू मिळंल का.

बिरू लाटसाबला उचलायचा आणि त्या माणसाच्या कानाशी धरायचा. "आधी ऐका," म्हणायचा. तो माणूस हसत हसत कान द्यायचा. बिरू त्याला सोडायचा नाही, हसणं थांबेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. मग विचारायचा, "आता सांगा, पाव्हणं. आनखी एकाला द्यायचं का हे?"