मडक्यातल्या कण्या

भुताखेतांच्या गप्पा रंगात आल्या की मी मुद्दाम मोठी जांभई देते. आज तरी नुसती जांभईच... तरुणपणी तर मी भांडायलाच उठायची. शेजारीण म्हणाली, बाळाला नजर लागली, की मी तिला नजरेचं रासायनिक सूत्र विचारायची! अमरावतीला एम.एस्सी. करत होते ना — नाकावर चष्मा, डोक्यात हवा. त्या दीडशहाणीच्या वाट्याला जे आलं, ते आज तिच्या आजीच्या वयाला आल्यावर लिहिते आहे.

१९६४चा हिवाळा. दादा रेल्वेत, म्हणून आमचं बिऱ्हाड बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये. घरात माय, दादा, वहिनी आणि मी. मी रोज बसनं अमरावतीला कॉलेजात.

आमच्या सरांच्या एका मित्रानं अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या काठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या, टेकाडातून निघालेली जुनी हाडं पाठवली होती. हजारो वर्षांपूर्वीची माणसं. सरांच्या मनात आलेलं — धान्य खाणाऱ्याच्या हाडात स्ट्राँशियम जास्त मुरतं, दूध-मांस खाणाऱ्याच्या कमी. तर हाडाला विचारू, बाबा रे, तू जेवत काय होतास? विचारायची पद्धत अशी — तुकडा घासून धुवायचा, भट्टीत राख करायची, राख आम्लात विरघळवायची, ज्योतीत रंग पाहायचा. स्ट्राँशियमचा रंग लाल. कॅल्शियमचाही विटकरी लालच, आणि हाडात तेच भरलेलं! पण मला जिकडेतिकडे शोधच दिसायचे. आमच्या साधनांनी काय डोंबल कळणार होतं...

घरी मात्र मी सांगितलं होतं, बैलाची हाडं आहेत. माणसाची म्हटलं असतं तर मायनं रोज दारातच डोक्यावरून बादली ओतली असती.

आता वहिनींचं सांगते. त्यांचं पहिलं बाळ सहा महिन्यांचं होऊन, दसऱ्याच्या सुमारास तापानं गेलं. अंगावर दूध पुरत नव्हतं म्हणून त्यांनी त्याला भरडलेल्या ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या चारायला सुरुवात केली होती. मायच्या तोंडून दुःखाच्या भरात एकदाच निघालं — "एवढ्याशा लेकराले कण्या चारल्या, मंग काय होईन?"

एकदाच. पण वहिनींचं जेवण सुटलं. सगळ्यांना वाढायच्या, ताट घेऊन बसायच्या, भाकरीचा तुकडा बोटांनी कुस्करत राहायच्या. भिंतीला धरून चालायची वेळ आली. डॉक्टर दादाला बाजूला घेऊन म्हणाले, असंच चाललं तर उन्हाळा पाहायच्या नाहीत. आणि मी काय केलं असेल? वहिनींना प्रथिनांवर भाषण दिलं. हो, खरंच दिलं — पाटीवर आकृती काढून!

एके दिवशी नव्या खोक्यात तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी आली, आणि कागदात वेगळी बांधलेली त्यातली हाडं. लहान मुलाची. मी मांडीच्या हाडाचा तुकडा भट्टीत घातला. हाडं काढून घेतल्यावर मडक्याच्या तळाशी उरलेली माती तशीच घट्ट होती, तिला कोणी हातही लावला नव्हता.

हाड जळताना केस जळल्यासारखी घाण सुटते. कार्बोलिक साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन मी घरी आले. ऊन अजून अंगणात होतं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी जवळून गेले तर त्यांनी माझा पदर धरला.

"ताई, आज कोणाचं लेकरू घेतलं होतं कडेवर?"

"कोणाचंच नाही."

"खोटं नोका बोलू. वास येऊन राह्यला. दुधाचा... अन् कण्याचा."

"बैलाचं हाड जाळलं वहिनी. त्याचा वास."

त्या हसल्या. कित्येक दिवसांनी. "बैल काय कण्या शिजवून खाते?" मग पदर नाकाशी धरून, अगदी हळू — "लहानसं होतं. गुडघे पोटाशी घेऊन निजवलं होतं त्याले, मडक्यात. त्याच्या मायनं संगं कण्या ठेवल्या, भूक लागन म्हून. पाहा तुमी."

पण मी ती दीडशहाणी! दुसऱ्या दिवशी वहिनींना खोटं पाडायचं म्हणून ती माती परातीत पाण्यात कालवली आणि चाळली. चाळणीत कोळशासारखे काळे दाणे उरले. सरांनी ते भिंगाखाली धरले.

"भरडलेत," सर म्हणाले.

"उंदरानं नेले असतील, सर?"

"उंदीर धान्य कुरतडतात हो. जात्यावर नाही भरडत."

मी विचारलं — "सर, ते मूल कण्यांनी गेलं असेल?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हाड फार तर खाल्लेलं सांगेल. मरण कशानं आलं, ते हे हाड सांगत नाही. कण्यांनी गेलं म्हणायला माझ्यापाशी काही आधार नाही."

तेच वाक्य मी घरी नेलं. स्वयंपाकघरात माय चुलीशी, वहिनी दाराशी. बैलाचं खोटं टाकून दिलं आणि सगळं खरं सांगितलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "तिनंही चारल्या होत्या." मायनं मला आंघोळीलाही पिटाळलं नाही. उठली, कण्या शिजत टाकल्या, त्यावर दूध ओतलं आणि ताटली वहिनींसमोर सरकवली.

"खाय वं पोरी. माह्या तोंडाले आग लागो... खाय."

वहिनी जेवल्या. रडत रडत, पण ताटली पुसून जेवल्या.

मग त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली — त्या लेकराचं उरलेलं जाळू नका. बरगडीचा एवढासा तुकडा राहिला होता. सरांना खरं ते सांगितलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "एवढ्याशानं काही रीडिंग येणार नाही," आणि मी तो तुकडा उचलून घेईपर्यंत खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वहिनींनी तो तुकडा आपल्या बाळाशेजारी पुरला. मी सोबत होते.

पुढे त्यांना दोन मुलं झाली. दोघांनाही पहिल्या कण्या मायनं आपल्या हातानं चारल्या.

मी पुष्कळ डोकं चालवलं. झोपेत बडबडले असेन? पण ते दाणे तेव्हा मी तरी कुठे पाहिले होते! मला आजही उत्तर सापडलेलं नाही.

माझी नात आता हेच काम करते. म्हणते, आजी, हल्ली चिमूटभर हाड पुरतं. मूल अंगावर पीत होतं का, ज्वारीसारखं धान्य खात होतं का, सगळं कळतं. तो तुकडा पुरला ती जागा आठवते का गं?

मी म्हणते, वय झालं बाई, विसरले.

आठवते. अजूनही डोळे मिटून चालत जाईन... पण सांगायची नाही. दोघं निजलीत तिथे.