महादबाच्या घरचा कागद

शिक्षिकेच्या नोकरीत पगार साठत नाही, किस्से मात्र पोत्यानं साठतात! रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी आम्ही चार जुन्या बाया चहाला जमलो की एखादी म्हणतेच, "तुझा तो महादबा सांग की गं!" माझ्या पोत्यातले निम्मे किस्से ह्या एकाच पालकाचे. आता हसतो आम्ही, पण घडलं त्या त्या वेळी मी नुसती आ वासून उभी होते, देवाशप्पथ.

सत्तर सालाच्या आसपासचं कोल्हापूर. पेठेतली शाळा. महादबा गवळी धार काढून तसाच आला, लेकीचं, सुलीचं नाव पहिलीत घालायला. म्हणाला, "बाई, गणितबिणित ऱ्हाऊ द्या. हिला वाचाय शिकवा. घरात पत्र आलं की पोस्टमन वाचतोय आन् सारी गल्ली ऐकतीया. माझ्या घरचा कागद माझ्या घरच्या माणसानं वाचला पायजे. बास!"

"वाचेल हो," मी म्हटलं.

"कवा? शुक्रवारपतूर?"

* * *

पहिल्या चाचणीचं प्रगतिपुस्तक सहीसाठी घरी धाडलं. परत आलं ते निळंभोर! पालकाच्या सहीच्या जागी अंगठा होताच. पण मराठीपुढं अंगठा, गणितापुढं अंगठा, चित्रकलेपुढं अंगठा, कवायतीपुढंसुद्धा अंगठा! मी महादबाला फाटकातच गाठलं.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"समद्या विषयात पास झाली की पोरगी! मग येकच अंगठा कसा? अन्याव हुईल न्हवं?"

"आणि माझ्या सहीवर कुणाचा अंगठा?"

"माझाच की! तुमी बी कष्ट घेतलासा."

ते पुस्तक मी तसंच मोठ्या गुरुजींच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांच्या, टेबलावर नेऊन ठेवलं.

* * *

आमच्याकडं तेव्हा म्हैस दारात उभी करून गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची पद्धत. पाण्याची शंकाच नको! तर एके सकाळी मी वर्गात शिरते, तो शेवटच्या बसकरावर, सुलीच्या शेजारी, महादबा मांडी घालून बसलेला!

"तुम्ही इथं काय करताय?"

"बाई, दूध मी गिऱ्हाईकाच्या म्होरं काढतो. तुमी बी माझ्या म्होरं शिकवा. बघू तरी, पानी किती घालताय त्ये!"

पोरं खिदळली. माझा पारा असा चढला म्हणता! आवाज चढवून विचारलं, "आणि तिकडं तुमच्या म्हशी कोण बघतंय?"

"त्यांची काळजी नगं. व्हरांड्यात हाईत."

मी डोकावले. होत्या. चारही!

* * *

दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून मिरवतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. शिंगं रंगवायची, अंगावर नक्षी काढायची आणि रस्त्यानं पळवायच्या. सुली तिसरीत होती. सहामाहीत मराठीत वर्गात पहिली आलेली. मी आणि मोठे गुरुजी रस्त्याकडेला गर्दीत उभे होतो. महादबाची म्हैस आली, आणि मी गुरुजींच्या मागंच सरकले! म्हशीच्या कुशीवर पांढऱ्या रंगात, वीतभर अक्षरांत: "सुलोचना, तिसरी ब, मराठी ८८." खाली माझं नाव, आडनावासकट!

गुरुजी पुटपुटले, "बाई, बाकीचे विषय कुठं आहेत?"

महादबाचे कान कसले तिखट! तिथनंच ओरडला, "गुर्जी, म्हस फिरवू व्हय?"

फिरवली की मेल्यानं! भर रस्त्यात, मागच्या म्हशी खोळंबवून. पलीकडच्या कुशीवर तेवढ्याच वीतभर अक्षरांत: "गणित १९."

"अहो, हे कशाला लिहिलंत?" मी किंचाळलेच.

"रंगारी बी नगंच म्हणत हुता. म्या म्हनलं, भेसळ न्हाय करायची!"

* * *

आणि एक उरला. हा सांगितला की आमचा चहा गार होतो.

त्या दिवाळीनंतरचा उन्हाळा. संध्याकाळी पेठेतल्या दूधकट्ट्यावर महादबा धारा काढत होता, पंधरा-वीस माणसं पेले घेऊन उभी. मीही दुधाला गेले होते. सुली बापाजवळ. तेवढ्यात बाबालाल पोस्टमन सायकल हातात धरून आला. पेठेतली निम्मी पत्रं वाचून दाखवायची तोच.

"महादबा, आजऱ्याचं कार्ड हाय. जरा बाजूला चल. आज मी वाचतो."

आजऱ्याला महादबाची बहीण दिलेली. त्याची आई दोन महिने तिच्याकडंच होती.

"तू का वाचतोस? आता माझी पोरगी हाय की!"

"ऐक माझं. आज मला वाचू दे."

"का? तुजं काम गेलं म्हणून जीव जळतोय व्हय?" महादबा हसत उठला, कार्ड हिसकलं आणि न बघताच सुलीच्या हातात दिलं. "ऐका रं समदी! माझी लेक वाचतीया! बाई बी हाईत हितं!"

बाबालालचा अंगठा इतका वेळ कुठं होता, ते मला तेव्हा दिसलं. कार्डाचा फाडलेला कोपरा त्यानं त्याखाली झाकून धरला होता. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत. निरक्षर माणसालाही लांबून कळावं म्हणून.

"सुली, थांब गं," म्हणायला मी तोंड उघडलं, पण पोरीनं सुरुवात केली होती. मी शिकवलं होतं तशीच! ताठ उभी, आवाज खणखणीत, पूर्णविरामाला थांबून.

"महादेव यांस. कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या मातोश्री मंगळवारी सकाळी निवर्तल्या. पत्र पाहताच निघून यावे."

जोडाक्षर एकही चुकलं नाही. घरात तिची ती आज्जी. मातोश्री म्हणजे कोण, निवर्तल्या म्हणजे काय, त्या पोरीला कुठनं ठाऊक असणार!

सुलीनं माझ्याकडं बघितलं.

"बाई, बरोबर आलं?"

मी हातातला पेला खाली ठेवला.

महादबानं डोक्यावरची टोपी काढली.

"बरोबर हाय बाळ," तो म्हणाला. "पुन्यांदा वाच. सावकाश."