गाळलेला रस आणि अळसांद्यांची भाजी

आमच्या ह्यांना साखर निघाली तेव्हा, खरं सांगते, मला आतून थोडं बरंच वाटलं. सगळा जन्म खाणीवर ट्रक चालवला, घरात माझा एक शब्द ऐकला नाही. आता पथ्य म्हणजे राज्य माझं.

मोबाईलवर एक बाई रोज रस दाखवायची. कारलं, दुधी, पालक मिक्सरला लावायचा, फडक्यातून गाळायचा, उपाशीपोटी द्यायचा. मी तेच धरलं. चोथा शेजारणीच्या म्हशीला घालायची. महिन्याभरात म्हैस कशी तुकतुकीत झाली, आणि ह्यांची पँट कंबरेवर राहीना. तिथंच कळायला हवं होतं की नाही मला?

रस पिऊन हे कारापूरच्या वाटेवरच्या हॉटेलात चालत जायचे. हॉटेल कसलं, चार बाकं. जुने ड्रायव्हर जमायचे, अळसांद्यांची पातळ भाजी आणि पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, खायचे, तासभर एकमेकांची थट्टा करायचे. अळसांदे म्हणजे आपल्या चवळीचा थोरला भाऊ. मला राग यायचा. मी पहाटे उठून रस काढायचा आणि ह्यांनी वर भाजी खाऊन त्याची माती करायची!

एक दिवस मी गेले मागोमाग. सगळ्यांदेखत ह्यांच्या पुढ्यातली बशी उचलली आणि हॉटेलवाल्याला म्हटलं, "परत ह्यांका भाजी घातलंस तर बघ! साखर चढली की ह्यांची भिजलेली पँट धुवूक तू येतलंस?"

तसलं काही होत नव्हतं हो. एकदाही नाही. पण जीभ सुटली ती सुटली, आणि बाकावरचे सगळे हसले तेव्हा मलाही हसू आलं. हे तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे गेले तर त्यांच्या जागेवर कुणीतरी प्लास्टिकची पिशवी अंथरलेली. "बसा भाऊ, बाक भिजूक नको." हे उभ्या उभ्या परत फिरले. त्यानंतर त्या वाटेला गेले नाहीत. सोप्यावर बसायचे, रस्त्याकडे पाठ करून.

पुढं दवाखान्यात गेलो. हे रक्त द्यायला आत, आणि आहार सांगणारी मुलगी माझ्याशी बोलत होती.

"गाळून देता? मग उरलं काय, आजी? थोडी जीवनसत्त्वं असतील, पण पोटाला आधार काय? तंतू सगळे चोथ्यात गेले. त्यापेक्षा वाटीभर शिजवलेले अळसांदे द्या. प्रथिनं मिळतात, तंतू मिळतात, साखर हळूहळू चढते. खोबरं बेतानं, पोई एकच."

"आणि हॉटेलातली?"

"तेल फार नसेल तर खाऊ देत की. चालत जातात ना? ते तर औषधच झालं."

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "किते म्हणाली?"

"रस चालू ठेवा म्हणाली."

कशाला खोटं बोलले? हरायचं नव्हतं, दुसरं काय! गणपतीची चवथ होऊन गेली तरी बोलले नाही. रोज सकाळी ग्लास पुढं करत राहिले, आणि हे मुकाट पीत राहिले.

शेवटी त्यांच्या पाठीची हाडं मोजता यायला लागली तेव्हा मी घाबरले. रात्री अळसांदे भिजत घातले, सकाळी कांदा-खोबरं भाजून वाटण लावून केले. वाटी पुढं ठेवली, पोई ठेवली, आणि सगळं सांगून टाकलं. मुलगी काय म्हणाली ते, आणि मी काय लपवलं ते.

वाटलं होतं ओरडतील. त्यांनी दोन दाणे खाल्ले आणि वाटी सरकवली.

"माका रसच दी. तो एका घोटान सोंपता. अळसांदे खावक वेळ लागता. तितको वेळ कोणाबरोबर बसू?"

"आणि मी कोण?" मी समोरच बसले होते.

त्यांनी ग्लासासाठी हात पुढं केला.