श्रमदानातली सर्पगंधा

आम्ही बौद्ध झालो त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या वस्तीतून नोकरीला लागलेला मी पहिलाच. केळापूरच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो होतो.

भादव्यात गावात एक ठेकेदार आला. सर्पगंधेच्या मुळीपासून रक्तदाबाच्या गोळ्या होतात, शहरात तिला फार मागणी आहे, असं त्यानं हेडमास्तरांना सांगितलं. गावातली माणसं शेतातल्या निंदणात गुंतलेली. मग हेडमास्तरांनीच तोड काढली. चौथीची पोरं न्यायची आणि रजिस्टरात ‘श्रमदान’ लिहायचं. बदल्यात ठेकेदार शाळेला भिंतीवरचं घड्याळ देणार होता.

मला संताप आला. तरी तोंड उघडलं नाही. नोकरी नवी, आणि मी कोणत्या वस्तीतला हे सगळ्यांना ठाऊक. पोरांच्या हाती खुरपी दिली आणि नाल्याकडे निघालो.

सर्पगंधा उघड्या बरड जमिनीवर येत नाही. नाल्याकाठी, साग-बांबूच्या सावलीत, पाचोळा कुजून माती काळी झालेली असते तिथंच तिचं गुडघाभर झुडूप दिसतं. पेरापेराला तीन-तीन पानं, लाल देठांवर पांढरी फुलं. फळं अजून हिरवीच होती. दुपारपर्यंत पोरांनी अख्खा काठ उकरला, मुळ्यांची पोती भरली. मी त्यांना शाबासकी देत होतो.

तेवढ्यात वरच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली, एक म्हातारी खाली उतरली. पोडातली बाळंतपणं तीच करायची. अडलेल्या बाईला हीच मुळी उगाळून द्यायची. ती ओरडली नाही. खड्ड्यांमधून चालत आली आणि उपटलेलं एक झुडूप माझ्यापुढं धरलं. फळ काळं होऊन गळाल्याशिवाय आम्ही याला हात लावत नाही, तेव्हाही बाजूची एकच मुळी घेतो आणि माती परत ओढतो, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली,

“मास्तर, पोरायले हेच शिकवून राह्यला का तू?”

मी पोरांच्या हातातली खुरपी काढून घेतली. पोरांना तिथूनच परत फिरवलं. उद्यापासून पोरं येणार नाहीत, असं हेडमास्तरांना सांगितलं.

ते म्हणाले, “तुम्हाले नोकरी करायची हाय का झुडपं राखायची?”

“मी शिकवाले आलो,” मी म्हणालो.

ही खोदाई थांबवावी म्हणून जंगलखात्याच्या कचेरीत अर्ज दिला. तिथल्या बाबूनं ठेकेदाराचा परवाना दाखवला. मुळ्या काढायची परवानगी त्यात होती. एखादं झुडूप राखावं, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. ठेकेदारानं बाहेरची माणसं आणून जवळचे आणखी दोन नालेही खरवडले. माझी बदली आर्णीकडे झाली.

दोन वर्षांनी मुद्दाम त्या नाल्यावर गेलो. काठावर नुसतं तरोट्याचं तण माजलं होतं. म्हातारी भेटली. आदल्या हिवाळ्यात पोडातली एक पोर बाळंतपणात अडली, तेव्हा ती दिवसभर मुळीसाठी रान धुंडाळत फिरली होती. शेवटी पोरीला बैलगाडीत घालून पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं. पोर वाचली, मूल गेलं. मुळी मिळाली असती तर मूल वाचलं असतं का, ते मला सांगता येत नाही. पण रान धुंडाळायची पाळी त्या म्हातारीवर का यावी, याचा जाब ठेकेदाराला, हेडमास्तरांना किंवा त्या बाबूला कुणीच विचारला नाही.