गार पाय

विचुंब्यात गंगाबाईच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. बाई वाईट होती असं नाही; तिला विसरायला येत नव्हतं, एवढंच. पंगतीत आपल्याला वाढायचं कोण विसरलं, पुतणीच्या हळदीत कुणी पाठ फिरवली, हे सगळं ती पोटात जपून ठेवी आणि वेळ आली की बरोबर बाहेर काढी. तरीसुद्धा घोडा बाळगणारा माणूस, मग तो शर्यतीचा असो की वरातीचा, कधी ना कधी तिच्या दारात उभा राहायचाच. घोड्याच्या पायाला लेप लावावा तर तो गंगाबाईनं, ह्याबद्दल पनवेलपासून उरणपर्यंत कुणाचं दुमत नव्हतं.

तिचा बाप मिठागरावर राबायचा. तिचं बालपण त्याच चिखलात गेलं. मिठागराच्या तळाला जी काळी चिकणमाती असते, ती उन्हातान्हातही आतून गार राहते, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक. पुढे ती मिठागरं बुजली, त्यांच्यावर इमारती आल्या, तरी गंगाबाई खाडीच्या कडेला जाऊन घमेलंभर माती आणायचीच. ती चाळायची, भिजवायची, त्यात हळद, तुरटीची पूड आणि थोडा शिरका घालून लोण्यासारखी मऊ मळायची. घोडा दौडून आला की त्याचे पाय धुवायचे, आणि गुडघ्यापासून खुराच्या सांध्यापर्यंत बोटभर जाड लेप चढवायचा. वर एरंडाची ओली पानं आणि सुती पट्टी. सकाळपर्यंत माती पायातली सगळी आग ओढून घेते आणि वाळून खडखडीत होते. मग पाण्यानं सोडवली की पाय गार लागतो. घोडेवाल्यांचा सगळा जीव ह्या गार लागण्यात. पायावरून तळवा फिरवायचा; गरम लागला तर घोडा बांधून ठेवायचा, गार लागला तर गाडीला जुंपायचा.

हे काम तिनं नवऱ्यासाठी सुरू केलं होतं. काशिरामची एक घोडी होती, चंद्री. एकघोडी गाडीच्या शर्यतीत ती पळायची आणि काशिराम हाकायचा. घोडीची बाकीची उस्तवार काशिरामचा मावसभाऊ करी. दाजी त्याचं नाव. दोघं एका ताटात जेवणारे. एका वर्षी जत्रेच्या शर्यतीत चंद्री वळणावर कोसळली. पुढच्या पायाची मागची शीर तुटली होती. गाडी उलटली ती काशिरामच्या पाठीवर. त्यानंतर तो खाटेवरून उठला नाही. गंगाबाईनं त्याला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, आणि अखेर एका पावसाळ्यात तो गेला.

त्याच्या तेराव्याला अंगणात माणसं बसली होती. गंगाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली तेव्हा दाजी डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होता, "सकाली फिरवताना चंद्रीचा पाय गरम लागला होता मना. पन बोललो नाय. सांगून काशिराम कुठं आयकनार होता?"

दाजीला आपण काय बोलून बसलो ह्याचा पत्ताही नव्हता. त्याला तो दुःखाच्या भरातला एक उसासा वाटला असेल. गंगाबाईनं चहा वाटला. दाजीलाही दिला. त्या दिवसापासून तिनं त्याच्यावर डूख धरला, त्याच्याशी बोलणंही टाकलं. पण दाजीची कागाळी तिनं कुणाकडे केली नाही, आणि ही गोष्ट गावानं ओळखायला हवी होती. चारचौघींसारखी ती भांडली असती, तळतळाट दिले असते, तर एक दिवस राग निवलाही असता.

वर्षं गेली. विचुंब्याच्या जमिनींना सोन्याचं मोल आलं. दाजीनं शेतावर चार मजली इमारत बांधली, भाडेकरू ठेवले आणि हौसेनं एक काठेवाडी घोडा आणला. पाखऱ्या. तबेला बांधायला जागा उरली नव्हती, म्हणून पाखऱ्या इमारतीखालच्या पार्किंगमध्येच राहायचा, एका बाजूला स्कूटर आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा पंप. भाडेकरू वासाच्या नावानं कुरकुरत. दाजी म्हणे, घोडा घरचा आहे, त्रास होत असेल तर तुम्ही बघा दुसरी खोली.

घोडा आला तशी लेपाची गरजही आली. दाजी गंगाबाईच्या दारात उभा राहिला तेव्हा आळीतल्या बायका कामं टाकून बघायला आल्या. आता ही त्याला झाडूनं हाकलणार, अशी सगळ्यांची खात्री. गंगाबाईनं फक्त कधी यायचं ते विचारलं. दाजीला भरून आलं. जुनं सगळं मिटलं, असं तो गावभर सांगत सुटला. बायका म्हणाल्या, वय झालं की माणूस निवतो. ह्या बायकांना गंगाबाई कळली नव्हती हेच खरं.

कामात तिनं कधी कसर केली नाही. पाखऱ्याचे पाय तिनं आपल्या नातवंडांचे धुवावेत तसे धुतले. जनावर गुणी होतं; लेप चढवताना ती खाली बसली की मान खाली घालून तिच्या पदराशी तोंड आणी. ती त्याला हलकेच ढकलायची आणि म्हणायची, तुझ्याशी माझं भांडण नाही रे बाबा. हे मात्र ती खरं बोलत होती.

मग उलव्याकडच्या भरावावर मोठी शर्यत ठरली. विमानतळासाठी तिकडे मुरूम टाकून मैलभर जमीन सपाट केली होती. वाळूवर घोड्याचा पाय रुततो, पण सांभाळलाही जातो. मुरमावर प्रत्येक टाप थेट शिरेवर बसते. सरावाला दोनदा दौडवल्यावर पाखऱ्याचा डावा पुढचा पाय सुजला. दाजीच्या तोंडचं पाणी पळालं. द्रोणागिरीच्या बाजूच्या जगन पाटलानं त्याला दोन वर्षं हरवलं होतं, आणि ह्या खेपेला हरलो तर घोडा विकीन, असं दाजी सगळ्यांपुढे बोलून बसला होता.

गंगाबाई रोज संध्याकाळी येऊन लेप लावू लागली आणि सकाळी सोडवू लागली. सूज उतरली. पाय सरळ दिसायला लागला. शर्यतीच्या आदल्या सकाळी दाजीनं वाकून तळवा फिरवला, गालसुद्धा लावून बघितला. पाय मडक्यातल्या पाण्यासारखा गार. तो हसतच वर निघून गेला.

तो गेल्यावर गंगाबाईनं पाखऱ्याचा तोच पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि मागच्या शिरेवर अंगठा दाबला. घोड्यानं पाय हिसकला. पुन्हा दाबला, पुन्हा हिसकला. लेपानं वरची आग ओढून घेतली होती, पण आत शीर सांधली नव्हती. मुरमावर ती तुटणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती तिथेच पंपाला टेकून बसली. इतक्या वर्षांनी देवानं दाजीचं मानगूट तिच्या हातात आणून दिलं होतं, आणि ते सोडायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

आता गप्प बसलं की झालं, असं कुणालाही वाटेल. गंगाबाईला ते पटेना. गप्प तर दाजी बसला होता. त्याच्याच पापाची नक्कल करून त्याच्या पंगतीला जाऊन बसायचं तिला कबूल नव्हतं. शिवाय उद्या घोडा पडल्यावर तो तिच्याकडेच बोट दाखवणार, आणि मग सगळं मुसळ केरात. तिला दाजी असा पडायला हवा होता की दोष द्यायला त्याच्यापाशी स्वतःवाचून माणूस उरू नये.

घोडेवाल्यांत एक रीत आहे. घोड्याचं दुखणं चारचौघांत बोलायचं नाही. ऐकणाऱ्यांत सामनेवाला असतो, दृष्ट लावणारा असतो. पाय दुखरा असला तर सांभाळणाऱ्यानं मालकाला बाजूला घ्यायचं आणि कानात सांगायचं. मालक मग आजारपणाचं, सुतकाचं, काहीतरी निमित्त काढतो आणि घोडा मागे घेतो. कुणाचं नाक कापलं जात नाही. पण तेच चारचौघांत बोललं गेलं तर ते आव्हान होतं, आणि मग मागे हटणाऱ्याला उद्या गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. दाजीसारखा फुशारक्या मारणारा तर मरेल पण हटणार नाही.

त्याच संध्याकाळी शर्यतीचा नारळ फोडायचा होता. दाजीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. जगन पाटील आपली माणसं घेऊन आला होता, गावातली वडीलधारी होती, जिन्यावर भाडेकरूंची गर्दी. दाजीनं नारळ हातात घेतला, आणि गंगाबाई माणसांतून वाट काढत पुढे आली. पाखऱ्याच्या पायाकडे बोट करून ती मोठ्यानं म्हणाली, "दाजी, उद्या ह्याला जुंपू नको. शीर कच्ची हाय. तुटंल."

जगन पाटलाच्या माणसांत कुणीतरी खुदकन हसलं. खुद्द जगन साळसूदपणे म्हणाला, की बाई जाणती आहे, घोडा आजारी असेल तर राहू दे, पुढच्या वर्षी बघू. झालं. दाजीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यानं सगळ्यांना बोलावून पाखऱ्याच्या पायाला हात लावायला सांगितलं. एकेकानं वाकून हात लावला, आणि प्रत्येक जण गार आहे, गार आहे म्हणत उठला. लेप चोख होता ना! मग दाजी गंगाबाईकडे वळला आणि म्हणाला, की वयनीच्या मनात अजून चंद्रीची शर्यत आहे, माझी गाडी पळावी असं तिला वाटणारच नाही. लोक हसले. त्यानं नारळ फोडला. गंगाबाई पदर सावरून घरी गेली आणि पोटभर जेवली.

सकाळी भरावावर दाजी स्वतः गाडी हाकणार होता. जुंपताना पट्टा आवळायला तो वाकला, आणि गंगाबाई हाताच्या अंतरावर उभी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. सगळे सुरुवातीची रेघ आखली होती तिकडे गेले होते. दाजीनं पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काल संध्याकाळचा ताठा नव्हता. तिनं आत्ता एक शब्द हळूच टाकला असता, तर पोटात कळ आली म्हणून तो जमिनीवर लोळलाही असता. गंगाबाईला हे कळलं. ती गाडीच्या चाकाकडे बघत राहिली.

पाखऱ्या जीव तोडून पळाला. अर्ध्या वाटेला तो जगनच्या घोड्यापुढे होता आणि विचुंब्याची पोरं नाचत होती. त्याची डावी टाप उशिरा पडायला लागलेली एकट्या गंगाबाईनं पाहिली. मग तो डाव्या खांद्यावर कोसळला, गाडी फेकली गेली, आणि मुरमाच्या धुळीत काही दिसेना.

खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. धूळ बसली तेव्हा दाजी एक हात छातीशी धरून घोड्याच्या डोक्यापाशी गुडघ्यांवर बसला होता, आणि सगळं मैदान म्हणत होतं, बाईनं सांगितलं होतं, सगळ्यांदेखत सांगितलं होतं. हे ऐकायला ती जगली होती. तिनं ते कान भरून ऐकलं. पाखऱ्या तीन पायांवर उठायचा आणि पुन्हा पडायचा. तिकडे मात्र तिनं फार वेळ बघितलं नाही.

घोडा टेम्पोत घालून परत आणला. डॉक्टर म्हणाले, जगेल, पण पळायचं नाव आता काढू नका. तीन दिवसांनी दाजी गंगाबाईच्या दारात आला. हाताला प्लास्टर होतं आणि दाढी वाढलेली. तो उंबऱ्यावरच बसला. आळीतल्या बायका पुन्हा बघायला आल्या होत्या; त्यांना गंगाबाईनं आत जायला सांगितलं. त्या गेल्यावर दाजी बोलला.

"वयनी, कानात सांगितला असतास तर मी आयकला असता."

"म्हायती हाय," गंगाबाई म्हणाली. "म्हनून नाय सांगितला. चंद्रीचा पाय गरम लागला तवा तू काशिरामला सांगितला होतास काय?"

दाजीनं डोळे मिटले. तेराव्याचं आपलं बोलणं त्याला आठवलं असावं. त्यानं हुज्जत घातली नाही, माफी मागितली नाही. आपल्या वाट्याचं आपल्याला मिळालं, असा त्याचा चेहरा झाला. गंगाबाईनं आयुष्यभर वाट पाहिली होती ती ह्याच चेहऱ्याची. मग तो भिंतीला धरून उठला.

"माजा जाऊ दे," तो म्हणाला. "पाखऱ्यानं तुजा काय केला होता?"

गंगाबाईकडे आजवर प्रत्येकाला द्यायला उत्तर तयार असे. ह्या वेळी ती मागच्या पडवीत गेली, मातीचं घमेलं कमरेवर घेतलं आणि त्याच्याकडे न बघता इमारतीच्या वाटेला लागली.