दाराला लावलेली वीट

दवाखान्यात तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं म्हटलं तरी चालेल. एकवीस वर्षं तिने तिथली लिफ्ट चालवली, म्हणून मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला 'वरखाली' म्हणायचे. कुणी वरखालीताई, कुणी वरखालीमावशी. तिला त्याचा राग नव्हता. "तुम्ही सगळे दिवसभर नुसते इकडून तिकडे पळता," ती म्हणायची, "मी निदान वर तरी जाते."

आणि काम असं चोख की नाव ठेवायला जागा नाही. वळणावर स्ट्रेचर कसं घ्यायचं, कुठल्या नातेवाइकाशी गप्पा मारायच्या, कुणासमोर तोंड मिटून बसायचं, यात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. रडत आलेल्या माणसाला ती मजला विचारायचीच नाही. हातातला कागद बघायची आणि बटण दाबायची.

तिची धाकटी बहीण जवळच राहायची. रोज दुपारी दोघींचा डबा घेऊन ती दवाखान्यात यायची आणि जिन्याखाली बसून दोघी जेवायच्या. एके दिवशी ती आली तेव्हा वर औषधांची खोकी पोचवायची होती. वरखाली म्हणाली, "चल गं, एवढं चौथ्यावर सोडून येऊ, मग निवांत बसू." धाकटी डब्याची पिशवी घेऊन आत आली. तिसरा मजला मागे पडला आणि वर काहीतरी तुटलं. लिफ्ट दोन मजले खाली कोसळली आणि मध्येच वाकडी होऊन अडकली.

दार कापून काढायला पाच तास लागले. वरखालीची कंबर मोडली होती, तिला हलता येत नव्हतं. अंधारात धाकटीचा हात तिच्या हातात होता. ती मोठमोठ्याने प्रार्थना करत होती, देवाला नावानिशी हाका मारत होती, आणि पहिला तासभर धाकटीही तिच्यामागे एकेक शब्द म्हणत होती. मग धाकटीचा आवाज बंद झाला. वरखाली एकटीच म्हणत राहिली, दार उघडेपर्यंत.

सात महिने अंथरुणात गेले. मग काठी आली, आणि दवाखान्याने तिला फाटकावर पास तपासायचं काम दिलं, उघड्यावर. कारण दार बंद झालं की तिला घाम फुटायचा, श्वास अडकायचा, लिफ्टच्या मशीनच्या तेलाचा वास नाकात भरायचा. आंघोळीलासुद्धा ती दार लोटूनच घ्यायची आणि नवरा बाहेर राखणीला बसायचा. नवरा शिंपी. तिथे बसून तो पँटींच्या पट्ट्या दुमडायचा आणि मी इथेच आहे हे तिला कळावं म्हणून भजनं म्हणायचा. गळा असा की आतून ती ओरडायची, "अहो, पुरे! निघते मी बाहेर!"

चर्चमध्ये उपासना सुरू झाली की रस्त्याचा गोंगाट नको म्हणून दार लावायची पद्धत होती. ती अंथरुणातून उठल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी शिंपी काखेत वीट घेऊन चर्चमध्ये शिरला. लोक दचकले, वाटलं हा आज कुणाचं तरी डोकं फोडणार. त्याने वीट दाराला लावली, बायकोला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसला. आपल्या दुसऱ्या बाजूला, जिकडे नेहमी धाकटी बसायची तिकडे, वरखालीने डब्याची पिशवी ठेवली. ती पिशवी शिंप्यानेच मेहुणीला शिवून दिली होती. आता तीत वरखालीचं बायबल असायचं. तीन वर्षं हेच चाललं होतं. एकही रविवार तिने चुकवला नाही.

तरी लोक बोलायचेच. "इतका विश्वास आहे, तर भीती कशी जात नाही?" म्हणणाऱ्याचं काय जातं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

त्यात नवे पाळकसाहेब आले. पोरगेलेसे, मनाचे निर्मळ, उत्साह मात्र उतू जाणारा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणीतरी पुढे येऊन देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, अशी त्या चर्चची रीत होती. याला म्हणायचे साक्ष देणं. पाळकसाहेब वरखालीच्या घरी आले. "ताई, या वेळची साक्ष तुम्ही द्या."

"देईन की," ती म्हणाली. "पण माझं असं आहे..."

पुढचं ऐकायला पाळकसाहेब थांबले कुठे? आनंदाने तिचे हात हातात घेतले, प्रार्थना केली आणि निघालेसुद्धा. मंडळीचं पत्रक छापायचं काम काकूंकडे; कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांच्या चमूत, त्या गायच्या. शनिवारी संध्याकाळी पत्रक घरोघर पोचलं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: 'भीतीतून पूर्ण सुटका. एका बहिणीची साक्ष.'

वरखालीने ते दोनदा वाचलं आणि शिंप्याच्या मशीनवर आपटलं. "बघा! झालीसुद्धा माझी सुटका, मला न विचारता!"

"नको जाऊस उद्या," शिंपी म्हणाला. "अंगात कणकण आहे म्हणून सांगतो."

"आणि परवा काय सांगाल?" ती खुर्चीत बसली. "खोटं बोलले तर सगळे खूश होतील. खरं बोलले तर म्हणतील, हिचा विश्वासच पोकळ. त्या अंधारात माझ्याजवळ दुसरं काय होतं हो? धाकटी गेली, कंबर गेली, काम गेलं. विश्वास तेवढा मी दातांनी धरून बाहेर आणला. तो कुणाला पोकळ म्हणू द्यायचा नाही मला. आणि खोटा रंग लावून मिरवायचाही नाही."

शिंप्याने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मग जा," तो म्हणाला. "मी आहे."

रविवारी चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी हाक मारली तशी वरखाली काठी टेकत पुढे गेली आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिली. पाळकसाहेबांनी हसून मागे खूण केली. ते त्यांचं आणि काकूंचं आधीच ठरलेलं होतं. आज मुद्दाम दाराजवळ बसलेल्या काकू उठल्या, त्यांनी वीट बाजूला सरकवली, दार लावलं आणि कडी घातली.

"बंधुभगिनींनो, बघा!" पाळकसाहेब म्हणाले. "आज आपली बहीण बंद दाराआड निर्भय उभी आहे!"

मनात पाप नव्हतं हो त्यांच्या, अगदी मान्य. पण म्हणून काय कुणाचं दुखणं असं चारचौघांत उघडं करायचं?

वरखालीच्या कपाळावर घाम आला. तेलाचा वास आला. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. शिंपी उठून निघाला तशी तिने मान हलवून त्याला थांबवलं आणि स्वतःच चालायला लागली. बाकांच्या मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, काठीच्या ठकठक आवाजात. श्वास तुटत होता, तरी मान ताठ होती. दाराशी काकू उभ्या होत्या.

"ताई, थोडा धीर धरा, देवावर विश्वास ठेवा..."

"काकू, सरका."

काकू सरकल्या. तिने कडी काढली, दार उघडलं. शिंपी वीट उचलायला धावला. "राहू द्या," ती म्हणाली. मोडलेल्या कमरेने ती वाकली. किती वेळ लागला म्हणता! सगळं चर्च श्वास रोखून बघत होतं. तिने वीट दाराला लावली, चौकटीला धरून सरळ झाली आणि उंबऱ्यातूनच बोलायला लागली.

"ही माझी साक्ष. माझी भीती गेलेली नाही. उद्या जाईल की कधीच जाणार नाही, मला माहीत नाही. लिफ्टमध्ये मी देवाला पाच तास हाका मारल्या. माझी बहीण माझ्या हातात गेली. त्याने का ऐकलं नाही, ते मला कळलेलं नाही, आणि कुणी मला ते समजावूनही सांगू नका. वर गेले की मी त्यालाच विचारणार आहे."

कुणीतरी खाकरलं. ती थांबली नाही.

"तुम्ही म्हणाल, मग ही दर रविवारी येते कशाला? अहो, भांडण बाकी आहे माझं! आणि ज्याच्याशी भांडायचं त्याचंच घर सोडून कसं चालेल? भांडण परक्याशी होत नाही, आपल्या माणसाशी होतं. मी घाबरत येते, चिडून येते, रडत येते, पण येते. त्या अंधारात मी त्याचा हात सोडला नाही. त्यानेही माझा सोडला नसावा, नाहीतर आज इथे उभी नसते. एवढंच."

शिंप्याची छाती इतकी फुगली की त्याने स्वतः शिवलेल्या शर्टाचं वरचं बटण तुटायचंच बाकी होतं. डोळे मात्र त्याने पुसले नाहीत, वाहू दिले.

पाळकसाहेब पुढून चालत मागे आले. तोंड उतरलं होतं. "ताई, त्या दिवशी मी तुमचं अर्धंच ऐकलं. माझं चुकलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग वाकून वीट अजून पक्की सरकवली आणि जागेवर गेले. उरलेली उपासना रस्त्याच्या गोंगाटात झाली.

वरखाली बाकावर येऊन बसली. शिंप्याने तिचा हात धरला. तेवढ्यात काकू तिथे आल्या. कॉयर पुढे गायला उभं राहिलं होतं आणि काकूंची जागा रिकामी होती. काकूंचा मुलगा सहा वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर कुणीही विचारलं की त्या 'देवाची मर्जी' म्हणून हसायच्या, आणि दर रविवारी पहिल्या रांगेत गायच्या. आज चेहऱ्यावर ते हसू नव्हतं.

बाकावरच्या डब्याच्या पिशवीकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "ही जागा कुणाची आहे का?"

"होती," वरखाली म्हणाली.

काकू तशाच उभ्या राहिल्या. "माझंही भांडण बाकी आहे गं," त्या म्हणाल्या.

वरखालीने पिशवी उचलून मांडीवर घेतली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"बसा," ती म्हणाली.